एन्चिलाडा कढईत होतो, ओव्हनमध्ये नाही

टॉर्टिया म्हणजे मेक्सिकोची पातळ पोळी, आणि मक्याची टॉर्टिया मिरचीच्या सॉसमध्ये माखून, बहुधा आत सारण भरून करतात तो एन्चिलाडा. त्याबद्दल पुण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "डॅलसला काही वर्षं राहून परत आलोय. तिकडच्या टेक्स-मेक्स (म्हणजे टेक्सासच्या वळणाच्या मेक्सिकन) हॉटेलातले चीज एन्चिलाडे घरात सगळ्यांना आठवतात. मी करते तेव्हा मक्याच्या टॉर्टिया गुंडाळतानाच तडकतात आणि ओव्हनमधून काढल्यावर त्यांचाच लगदा झालेला असतो. म्हणून थर लावून कॅसरोल केलं, तर तळाशी पाणी आणि वर चीजचं तेल. घरी सगळे शाकाहारी, सासऱ्यांना तिखट सोसत नाही. नेमकं कुठे बिघडतंय?"

तडकणं आणि लगदा होणं या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. तुमच्या टॉर्टियाला सॉस लागण्याआधी तेल लागलेलं नाही. तुमची रेसिपी बहुधा अशी असणार: टॉर्टिया ओल्या फडक्यात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये गरम करा, सारण भरा, गुंडाळा, वर सॉस ओता, चीज पसरा आणि अर्धा तास बेक करा. नेटवर बहुतेक ठिकाणी हेच सापडतं. आता बघा, कोरडी टॉर्टिया अर्धा तास पातळ सॉसमध्ये बसली तर ती तो पिणारच. आणि अर्धा तास तापलेलं चीज तेल सोडणारच. ओव्हनकडून आपण नको तितकं काम करून घेतो आणि मग त्यालाच बोल लावतो.

मी टेक्सासातल्या सॅन अँटोनियोत राहते. इथल्या एका मेक्सिकन हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काम केलं, आता घरून केटरिंग करते. हॉटेलात एन्चिलाड्याची प्लेट वरून आच असलेल्या भट्टीखाली जाते ती फक्त चीज वितळेपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं. खरा स्वयंपाक त्याआधीच झालेला असतो: सॉस शिजलेला, टॉर्टिया तेलातून काढलेली, सारण गरम. मेक्सिकोत तर कितीतरी प्रकारचे एन्चिलाडे ओव्हनचं तोंडही बघत नाहीत. मिचोआकान राज्यात चौकातल्या गाड्यांवर मिळणारे 'प्लासेरास' एन्चिलाडे असे होतात: टॉर्टिया मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून थेट तव्यावरच्या चरबीत परततात, घडी घालतात, वर परतलेले बटाटे-गाजर आणि चुरलेलं चीज टाकतात आणि तिथल्या तिथे खायला देतात. सान लुईस पोतोसीमध्ये मिरची पिठातच मळतात आणि अर्धचंद्रासारखी घडी घालून तळतात. भरपूर चीज घालून भट्टीत लालसर करायचे ते 'सुइसास', मेक्सिको सिटीच्या हॉटेलांनी गाजवलेले. म्हणजे चीज ही एन्चिलाड्याची अट नाही. टॉर्टिया आणि मिरची एवढ्या दोनच अटी. तुम्हाला चीजवालेच हवे आहेत, काही हरकत नाही, पण हे डोक्यात असलं की कुठे लक्ष द्यायचं ते आपोआप कळतं.

आधी टॉर्टिया. पुण्यात दुकानात 'टॉर्टिया रॅप' म्हणून मिळतं ते बहुतेक मैद्याचं किंवा गव्हाचं असतं. पाकिटामागची यादी वाचा. उत्तर मेक्सिकोत, विशेषतः सोनोरात, गव्हाच्या टॉर्टिया अगदी अस्सल आहेत, पण बरितोसाठी, म्हणजे सारण भरून केलेल्या गुंडाळीसाठी. एन्चिलाड्यात त्या गिचका होतात. मक्याच्याच पाहिजेत, आणि मक्याच्या म्हणजे आपल्याकडच्या मक्याच्या पिठाच्या नव्हेत. मेक्सिकोत मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच मुरवतात, सकाळी धुऊन साल काढतात आणि ओलेच दळतात. या चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, तो विशिष्ट वास येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही, म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा रोग झाला. असं चुन्यातून काढून वाळवलेलं पीठ 'मासा हरिना' नावाने विकलं जातं. भारतात ते ऑनलाइन मागवता येतं, महाग पडतं, पण पर्याय नाही.

दोन कप मासा हरिनाला साधारण दीड कप कोमट पाणी आणि अर्धा चमचा मीठ. मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. गोळी दाबून बघा, कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावा, हाताला चिकटली तर चिमूटभर पीठ. तीस-पस्तीस ग्रॅमचे गोळे करा. दुधाची पिशवी कापून धुऊन तिच्या दोन पदरांमध्ये गोळा ठेवा आणि पुऱ्या दाबायच्या मशीनने किंवा सपाट बुडाच्या पातेल्याने दाबा. लाटू नका, फाटतं. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू वीस-तीस सेकंद, उलटून मिनिटभर, पुन्हा उलटली की फुगली तर उत्तम. काढून फडक्यात गुंडाळून ठेवा, वाफेने मऊ पडतात. एन्चिलाड्यासाठी मात्र आदल्या दिवशीच्या शिळ्या टॉर्टिया ताज्यांपेक्षा बऱ्या. त्यात पाणी कमी असतं, तेलात टाकल्यावर त्या तेल कमी पितात.

आपलं साधं मक्याचं पीठ वापरून चालेल का, हे पुढे विचाराल म्हणून सांगून ठेवते. तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढून मळलं तर थापता येतं, तव्यावर भाजताही येतं. गुंडाळायला गेलात की मोडतं. थरांच्या कॅसरोलला चालून जाईल, गुंडाळ्यांचा नाद सोडा. घरी चुन्यात मका उकळायचाच असेल तर एक किलो वाळल्या मक्याला खाण्याचा चुना दहा ग्रॅम आणि पाणी तीन लिटर, तीस-चाळीस मिनिटं मंद उकळून रात्रभर झाकून ठेवणं, असं प्रमाण आहे. रंगाच्या दुकानातला चुना चुकूनही वापरू नका. पहिल्याच खेपेला या भानगडीत पडू नये असं माझं मत.

आता सॉस. डॅलसला तुम्ही खाल्लेला तपकिरी सॉस हा मेक्सिकोतला मिरचीचा सॉस नव्हे. तो टेक्सासचा 'चिली ग्रेव्ही', म्हणजे मैदा तेलात बदामी भाजून केलेला, जिरं ठळक लागणारा. आणि इथेच भारतातून करणारे बहुतेक जण फसतात. अमेरिकन रेसिपीत 'चिली पावडर' दोन टेबलस्पून लिहिलेली असते, आपण लाल तिखट दोन टेबलस्पून घालतो आणि घरभर पाण्याचे पेले फिरतात. ती चिली पावडर म्हणजे मसाला आहे: सौम्य मिरचीची पूड, जिरं, ओरेगानो आणि लसूण एकत्र. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने १८९०च्या दशकात टेक्सासातल्या न्यू ब्रॉनफेल्समध्ये तशी पूड तयार करून विकायला सुरुवात केली आणि टेक्स-मेक्स चवीचा साचा तिथेच पक्का झाला. मेक्सिकोतल्या लाल सॉसमध्ये जिरं असलंच तर चिमूटभर असतं, टेक्सासात ते चमच्याने पडतं. आपल्या जिभेला ही ग्रेव्ही इतकी ओळखीची का वाटते, ते या जिऱ्यात आहे.

बारा टॉर्टियांसाठी पाव कप तेल, पाव कप मैदा. मंद आचेवर चार-पाच मिनिटं, खमंग वास येऊन रंग शेंगदाण्याच्या सालावर आला पाहिजे. गॅस अगदी बारीक करून त्यात एक टेबलस्पून ब्याडगीची पूड (बिया काढून घरी दळलेली), दोन टीस्पून जिरेपूड, एक टीस्पून लसूण पावडर, अर्धा टीस्पून ओरेगानो, थोडी मिरपूड, मीठ घालून अर्धा मिनिट परता. पूड करपली तर सगळं ओतून द्यावं लागतं, म्हणून स्टॉक हाताशी तयार ठेवा. अडीच कप गरम स्टॉक थोडा थोडा घालत गुठळ्या मोडा आणि पंधरा मिनिटं मंद उकळी राहू द्या. स्टॉकला कांदा, गाजर, लसणीच्या दोन पाकळ्या आणि कोथिंबिरीची देठं पुरेत. सॉस झाला का ते बघायला चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट ओढा. रेघ तशीच राहिली तर झाला, कडा खाली ओघळून रेघ पुसली तर अजून आटवा. सासऱ्यांसाठी बिया काढण्याबरोबर मिरचीच्या आतल्या फिकट शिराही खरवडून काढा. तिखटपणा बियांपेक्षा त्या शिरांत जास्त असतो.

मेक्सिकोच्या वळणाचा लाल सॉस करायचा तर मैदा नको, मिरचीच तो दाट करते. तिथे दोन वाळक्या मिरच्या मिळून काम करतात: ग्वाहियो, म्हणजे गुळगुळीत पातळ सालाची, रंग देणारी, आणि आंचो, म्हणजे वाळवलेली पोब्लानो (मेक्सिकोची मोठी, सौम्य मिरची), सुरकुतलेली आणि मनुकांसारखी गोडसर. आपल्या ब्याडगीत रंग आहे, सौम्यपणा आहे, पण आंचोचा गर आणि गोडवा नाही. मी तर इथे राहूनही गंमत म्हणून ब्याडगीने करते. दहा-बारा ब्याडगी, एक भाजलेला टोमॅटो, पाच-सहा काळ्या मनुका. तिखट हवं त्यांनी एखादी संकेश्वरी टाकावी. मिरच्या तव्यावर दाबून बाजूला दहा-पंधरा सेकंद, वास सुटला की उचला. काळा डाग पडला की सॉस कडू. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, ते पाणी चाखून बघा, कडवट असेल तर फेका. सालासकट भाजलेल्या दोन लसूण पाकळ्या सोलून, कांद्याची एक फोड, ओरेगानो, चिमूट जिरं, एक लवंग, मीठ घालून बारीक वाटा आणि गाळणीतून दाबून गाळा. मग सगळ्यात महत्त्वाचं: दोन टेबलस्पून तेल तापवून त्यात हे वाटण ओता आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता, आठ-दहा मिनिटं. आपल्याला वाटण परतायला शिकवावं लागत नाही, पण मेक्सिकन म्हटलं की हात का आखडतो कोण जाणे. कच्चं वाटण नुसतं उकळून सॉस होत नाही.

हिरव्या सॉसला तोमातियो, म्हणजे टोमॅटोसारखी दिसणारी आंबट हिरवी फळं लागतात. ते पुण्यात मिळणं कठीण. बाजारातले कच्चे हिरवे टोमॅटो घ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि कांद्याबरोबर भाजा, कोथिंबीर घालून वाटा, वर लिंबू पिळा. आंबटपणा जवळपास तोच येतो.

आता ज्या पायरीसाठी एवढं सगळं सांगितलं ती. लहान कढईत अर्धा इंच तेल तापवा. टॉर्टियाचा तुकडा टाकला की लगेच चुरचुरायला हवा, पण धूर नको, साधारण १७५ अंश. एक टॉर्टिया चिमट्याने सोडा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ती ताठ राहते, कडेने बारीक बुडबुडे येतात. मग मधोमध एखादा फोड उठतो आणि ती सैल पडते. त्याच क्षणी उलटा, दुसरी बाजू पाच सेकंद, काढा. चिमट्यावर मधोमध धरली तर दोन्ही बाजू लगडून खाली पडल्या पाहिजेत. ताठ राहिली तर जास्त तळली, तिचा टोस्टाडा, म्हणजे कडक तळलेली टॉर्टिया झाली, बाजूला ठेवा आणि मुलांना खायला द्या. थंड झालेल्या टॉर्टियातला स्टार्च आवळून कडक झालेला असतो, या गरम तेलात तो पुन्हा ढिला पडतो, म्हणून ती वळते. आणि वर बसलेला तेलाचा पातळ थर सॉसला आत शिरू देत नाही, म्हणून ती भिजून फुटत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी या दहा सेकंदांत मिटतात. कागदावर निथळून लगेच गरम सॉसमध्ये दोन्ही बाजूंनी बुडवा आणि ताटात ठेवा. एका वेळी चारच तळा. बाराही तळून रचून ठेवल्या तर खालच्या पुन्हा कडक होतात.

इतकं तेल नको असेल तर टॉर्टियाला दोन्ही बाजूंनी तेलाचा ब्रश फिरवून, सगळ्या ट्रेमध्ये पसरून २०० अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा. बऱ्यापैकी जमतं. मायक्रोवेव्ह नको. त्याने मऊ होतात, पण तेलाचं कवच नाही ते नाहीच.

सारणाला हात आखडता घ्या. सहा इंची टॉर्टियाला दोन मोठे चमचे बस्स. टेक्स-मेक्स चीज एन्चिलाड्यात तर किसलेलं चीज आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा एवढंच असतं. पोटभरीचं हवं असेल तर उकडलेल्या बटाट्याच्या बारीक फोडी आणि गाजर परतून, किंवा राजमा शिजवून अर्धा ठेचून लसूण-कांद्यावर कोरडा होईपर्यंत परतून. सारण गरम असू द्या, कारण ओव्हनमध्ये ते गरम व्हायला वेळ मिळणार नाही. भांड्याच्या तळाला थोडा सॉस, त्यावर गुंडाळ्या टोक खाली करून, वर उरलेला सॉस, तोही सगळा बुडेल इतका नाही, मग चीज. ओटीजी २०० अंशांवर आधी तापवलेला, आठ-दहा मिनिटं, शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड. काढून लगेच वाढा. एन्चिलाडा वाट बघत नाही, माणसांनी त्याची बघावी.

चीजबद्दल लोकांचे गैरसमज फार. डॅलसला खाल्लेलं ते पिवळं, तारा न सुटणारं, लोण्यासारखं वाहणारं चीज बऱ्याच जुन्या टेक्स-मेक्स हॉटेलांत चक्क प्रोसेस्ड चीज असतं. त्यात घातलेल्या क्षारांमुळे चरबी आणि पाणी वेगळं होत नाही, म्हणून ते तेल सोडत नाही. तेव्हा आपल्याकडच्या प्रोसेस्ड चीजच्या ठोकळ्याला नाक मुरडू नका. ते अमेरिकनपेक्षा जरा जड वितळतं, म्हणून निम्मं ते आणि निम्मं कोवळं चेडर घ्या. जुनं मुरवलेलं चेडर मात्र टाळा. चीज जितकं जुनं, तितकं तापवल्यावर तेल लवकर सुटतं. मेक्सिकोच्या वळणाने करताना वाहाका चीजच्या जागी मोझरेला चालतं, तोही दोऱ्यांचाच प्रकार आहे. वर चुरायच्या केसो फ्रेस्कोऐवजी पनीर कुस्करून मीठ लावून घ्या. दोन्ही वितळत नाहीत, वितळायलाही नको असतात. पाकिटातलं आयतं किसलेलं चीज घेऊ नका, त्याला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं आणि ते वितळताना खरखरीत राहतं. ठोकळा आणून आयत्या वेळी किसा, दोन मिनिटांचं काम आहे.

कॅसरोल म्हणजे गुंडाळायचा कंटाळा केलेला एन्चिलाडा, असं इथल्या बायका हसत सांगतात. टेक्सासात त्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार म्हणजे 'किंग रँच चिकन'. १८५३ साली स्थापन झालेल्या दक्षिण टेक्सासातल्या त्या अवाढव्य किंग रँचचं नाव याला का लागलं ते कोणाला धड सांगता येत नाही. रँचचा या पदार्थाशी काही संबंध सापडत नाही. तो कुठून आला ते त्याच्या साहित्यावरूनच दिसतं: डब्यातलं क्रीम ऑफ मशरूम सूप, क्रीम ऑफ चिकन सूप, आणि रो-टेल, म्हणजे टेक्सासातल्या एल्सा गावी १९४० च्या दशकात सुरू झालेला टोमॅटो-मिरचीचा डबा. मक्याच्या टॉर्टिया, चिकन, चीज यांचे थर आणि वर हे तीन डबे. शाळेच्या कार्यक्रमाला, चर्चच्या जेवणाला, कोणाच्या घरी दुःखाचा प्रसंग असला की शेजारणींनी न्यायला हेच. मेक्सिकोत याचा चुलतभाऊ आहे 'पास्तेल अस्तेका': टॉर्टिया, हिरवा सॉस, भाजलेल्या पोब्लानोच्या पट्ट्या, मक्याचे दाणे, क्रीम आणि चीज. तुम्ही शाकाहारी आहात तर सरळ याच्याकडे जा. किंग रँचमधून चिकन आणि चिकन सूप काढलं तर उरतं काय?

कॅसरोलच्या तळाशी पाणी येतं ते कुठून, याचा हिशोब मांडा. पालक, झुकिनी, मशरूम, फ्रोझन मका, डब्यातला टोमॅटो, पातळ सॉस, ताजं पनीर. यातलं प्रत्येक ओव्हनमध्ये गेल्यावर पाणी सोडतं, आणि तेल न लागलेली टॉर्टिया ते काही काळ पिऊन मग हात टेकते. म्हणून सगळं आधी कढईत सुकवायचं. मशरूम मोठ्या आचेवर, मीठ न घालता, पाणी सुटून पुन्हा आटेपर्यंत. पालक वाफवून मुठीत पिळून, अगदी घट्ट. फ्रोझन मका थेट पिशवीतून टाकू नका, कोरड्या कढईत डाग पडेपर्यंत परता. रो-टेलच्या जागी टोमॅटो आणि हिरवी मिरची परतून घेणार असाल तर त्याची जाड चटणी होईपर्यंत आटवा.

पोब्लानोच्या जागी ढोबळी मिरची घालतात, पण तिला वास नाही. भावनगरी मिरची बरी. पाच-सहा मिरच्या गॅसवर वांगं भाजतात तशा काळ्या करा, झाकून ठेवा, साल काढा, बिया काढून लांब पट्ट्या करा. कांद्याबरोबर परतून मका घाला, शेवटी पाव कप क्रीम घालून आटू द्या.

९ बाय १३ इंची भांड्याला चौदा-पंधरा टॉर्टिया लागतात, छोट्या ओटीजीत मावणाऱ्या आठ इंची चौकोनी भांड्याला नऊ. त्या तेलातून काढलेल्या किंवा ब्रशने तेल लावून भाजलेल्या, चौथाई केलेल्या. मोठ्या भांड्यासाठी सॉस तीन कप, दाट. चीज साडेतीनशे ग्रॅम, त्यातलं एकतृतीयांश शेवटी वर घालायला बाजूला. तळाला सॉस, टॉर्टियांचा एक थर थोडा एकमेकांवर चढवून, सारण, सॉस, चीज. असे तीन थर, शेवटी टॉर्टिया आणि सॉस. वरचं चीज अजून घालू नका. फॉइलने झाकून १८० अंशांवर पंचवीस मिनिटं, कडेने खदखदलं की फॉइल काढा, चीज पसरा, आठ मिनिटं. तुमच्या चीजचं तेल सुटतं कारण ते पहिल्या मिनिटापासून वर असतं. बाहेर काढून पंधरा मिनिटं हात लावू नका. लगेच कापलं तर थर घसरतात आणि मोकळा सॉस तळाशी जमा होतो, त्यालाच आपण पाणी सुटलं म्हणतो.

घरी पांढरा सॉस करून चीज त्यात मिसळणार असाल तर गॅस बंद करून, दूध-मैदा थोडा निवल्यावर मिसळा. उकळत्या सॉसमध्ये टाकलेलं चीज दाणेदार होतं आणि मग कितीही घोटलं तरी एकजीव होत नाही.

आदल्या दिवशी थर लावून फ्रिजमध्ये ठेवता येतात, टॉर्टियाला तेल लागलेलं असलं तरच. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ढकलू नका, तडकतं. तासभर बाहेर ठेवा, किंवा ओव्हन थंड असतानाच आत ठेवून मग चालू करा.

शाकाहारी म्हणून एवढं: मेक्सिकन स्वयंपाकात डुकराची चरबी सर्रास असते. परदेशी डब्यातल्या रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून ठेचून परतलेल्या बीन्समध्ये), हॉटेलच्या टॉर्टियांमध्येही कधी कधी. लाल भात बहुधा चिकनच्या पाण्यात शिजलेला, डब्यातल्या एन्चिलाडा सॉसमध्येही कधी कधी मांसाचा अर्क. आयात केलेल्या चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरतात ते, असू शकतं. लेबल वाचा, घरी केलेलं सगळ्यात निर्धास्त.

वाढताना वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, पातळ कापलेला मुळा, लिंबू. क्रीमऐवजी टांगून घट्ट केलेलं दही दुधाने सैल करून चालतं, आंबट नसावं. बाजूला भात, बीन्स असलं की जेवण झालं.

उरलेले एन्चिलाडे मायक्रोवेव्हमध्ये नको, पुन्हा लगदा. नॉनस्टिक तव्यावर थेंबभर तेल, मंद आच, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं, खालची बाजू कुरकुरीत होते आणि बऱ्याचदा पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते. कॅसरोलचा तुकडाही तसाच. आणि नुसत्या टॉर्टिया आणि सॉस उरला तर टॉर्टियांचे त्रिकोण कापून कडक तळा, उरल्या सॉसमध्ये मिनिटभर परता, वर पनीर आणि कांदा. त्याला चिलाकिलेस म्हणतात. सकाळी चहाबरोबर करून बघा.